हजारो म्हशी मुंबईबाहेर काढून आरे कॉलनी उभारणारा पारशी साहेब : दारा खुरोडी

पाऊस संपला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या रस्त्यांवर एक ठरलेलं दृश्य दिसतं. वर आभाळापर्यंत गवत रचलेला ट्रक पुढे हळूहळू चाललेला असतो आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असते. भाताची कापणी आणि गवताची कापणी इथे हातात हात घालून येतात. माळावरचं, वरकस जमिनीवरचं गवत कापायचं, सुकवायचं, वखारीत आणायचं, प्रेसमध्ये दाबून गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या बाजूला पाठवायच्या, हा इथला पिढ्यान् पिढ्यांचा धंदा.

हे गवत खाणार कोण, तर मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी.

मुंबईला पाणी शहापूरच्या तानसा-भातसातून जातं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण मुंबईच्या चहातलं दूधसुद्धा कित्येक वर्षं याच भागातल्या गवतावर उभं होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. हे गवत, त्या म्हशी, त्यांची पारडं आणि शहराचं दूध या सगळ्याचा एकत्र हिशोब मांडायचा प्रयत्न ज्या माणसानं केला, त्याचं नाव दारा नसरवानजी खुरोडी.

आज आरे म्हटलं की मेट्रोची कारशेड आणि २०१९ साली रात्रीत तोडलेली झाडं आठवतात. जरा वयस्कर माणूस असेल तर त्याला काचेची दुधाची बाटली आणि ‘एनर्जी’ आठवते. पण आरे मुळात होती म्हशींची कॉलनी. देशातला एवढा मोठा, एका जागी वसवलेला म्हशींचा पसारा त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

खुरोडींचा जन्म १९०६ सालचा. बंगलोरला इंग्रजांनी पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची इम्पिरियल इन्स्टिट्यूट काढली होती, तिथे त्यांनी डेअरीचं शिक्षण घेतलं. ही संस्था तशी गाजलेली. १९२७ साली बंगलोरमध्ये मुक्कामाला असताना गांधीजी तिथे गाईंची निगा कशी राखतात ते शिकायला जात होते. पुढे व्हर्गीस कुरियन नावाच्या एका तरुण इंजिनिअरलाही सरकारनं इथेच पाठवलं. खुरोडी आणि कुरियन या दोघांचा पुढे जो काही सामना झाला तो आपण बघूच, पण दोघांनी दुधाची मुळाक्षरं गिरवली ती एकाच ठिकाणी.

शिक्षणानंतर खुरोडींनी खासगी आणि सरकारी अशा दोन्ही डेअऱ्यांमध्ये काम केलं. त्यामुळे गोठ्यातलं शेण आणि ऑफिसातली फाईल, दोन्ही त्यांना सारखंच कळायला लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते मुंबई सरकारच्या दूध खात्यात वरच्या जागेवर आले. आणि ती वेळ मोठी बिकट होती.

युद्धामुळे मुंबईची लोकसंख्या भराभर वाढत होती. दूध महाग होतं, कमी होतं आणि जे होतं त्यात पाणी किती आणि दूध किती हा प्रश्नच होता. दूध येत होतं शहराच्या पोटातल्या तबेल्यांतून. दाटीवाटीच्या वस्तीत, चाळींच्या शेजारी, उघड्या गटारांच्या काठावर हजारो म्हशी बांधलेल्या. शेण टाकायला जागा नाही, जनावराला चार पावलं फिरायला जागा नाही. माश्या, डास आणि दुर्गंधी यांनी शेजारपाजारचे लोक हैराण झालेले.

पण आरोग्य खात्याला दिसणारी ही घाण म्हणजे वरवरचा प्रश्न होता. खरा घोळ वेगळाच होता आणि तो समजून घेतल्याशिवाय खुरोडींनी काय केलं हे कळणार नाही.

म्हैस ही काही दुधाची टाकी नाही. ती व्याली तर दूध देते. साधारण नऊ-दहा महिने दूध दिलं की ती आटते, भाकड होते. या काळात ती गाभण असेल तर पुढच्या काही महिन्यांत पुन्हा विते आणि पुन्हा दूध सुरू होतं. म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांच्या वर असतो. गावाकडे हे चक्र बिनबोभाट चालतं, कारण भाकड म्हैस माळावर चरते, बांधावरचं खाते, तिला पोसायला रोख पैसे लागत नाहीत.

मुंबईत मात्र प्रत्येक काडी विकत. शहापूरहून आलेली गवताची गाठ विकत, पेंड विकत, चुणी विकत, गोठ्यातल्या जागेचं भाडं वेगळं. मग मालक हिशोब करायचा. दूध न देणाऱ्या म्हशीला पाच-सहा महिने विकतचं खाऊ घालण्यापेक्षा तिला खाटकाला विकावं आणि त्या पैशात थोडी भर घालून गुजरातहून किंवा पंजाब-हरियाणाकडून ताजी व्यालेली म्हैस आणावी, हे त्याला परवडायचं. म्हणजे ऐन उमेदीतली, अजून चार-पाच वेत देऊ शकणारी म्हैस एका वेतात संपायची. आणि शहरात येणारी म्हैस निवडून आणलेली असायची. मेहसाणा, सुरती, जाफराबादी, मुऱ्हा, ज्या भागात जे उत्तम जनावर असेल ते मुंबईच्या वाटेला लागायचं. चांगलं बियाणं खाऊन टाकावं आणि शेतात पोचट पेरावं तसला हा प्रकार.

पारडाची गोष्ट तर याहून वाईट.

म्हशीबरोबर तिचं पारडू यायचं. ते रोज दोनेक लिटर दूध पिणार. ते दूध विकलं तर रोकडे पैसे. रेडा असेल तर त्याचं आयुष्य काही दिवसांचं. पण पारडी असली तरी तिला वाढवायचं कुणी आणि कसं? पारडीची वगार होऊन ती पहिल्यांदा विणार साडेतीन-चार वर्षांनी. तोवर तिच्यापासून दमडी मिळत नाही. चार वर्षं विकतच्या गवतावर वगार वाढवणं शहरातल्या कुठल्याही मालकाला शक्य नव्हतं. त्यामुळे पारडं उपाशी मरायची. पारडू गेलं की म्हैस पान्हा चोरते, म्हणून त्याच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे उभं करायचे. फुक्यासारखे अघोरी प्रकार चालायचे ते वेगळेच. जनावरांवरच्या याच क्रौर्याबद्दल वाचून गांधीजींनी दूध सोडलं होतं.

थोडक्यात, मुंबईचा प्रत्येक ग्लास दूध गावाकडच्या उद्याच्या म्हशी संपवून येत होता. शेतीवरच्या सरकारी आयोगांनी, दूधधंद्याची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी हे १९४० च्या आधीच लिहून ठेवलं होतं. अहवाल कपाटात होते आणि म्हशी बाजारात.

आता या साखळीचं दुसरं टोक बघू, म्हणजे गवत.

गवत फुकट उगवतं असं आपल्याला वाटतं. ठाणे जिल्ह्यात ते उगवतं फुकट, पण कापायला माणूस लागतो, आणि तोही अगदी नेमक्या वेळी. गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर त्यात थोडाफार कस असतो. उशीर झाला की काडी लाकडासारखी होते. कुसळी गवताची कुसळं तयार झाली तर ती जनावराच्या तोंडात रुततात. लवकर कापावं तर परतीचा पाऊस पसरलेलं गवत कुजवतो. जानेवारीनंतर वणव्याची भीती. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या आसपासचे काही आठवडे, एवढाच काय तो हंगाम. त्याच वेळी भातही कापायला आलेलं असतं.

एवढे हात कुठून येणार? ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासींचे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि ती हंगामात अंगमेहनतीनं फेडायची, ही तेव्हाची रीत. फेडून संपायची नाही ती नाहीच. उत्तरेकडे उंबरगाव-डहाणूत तर सरळ वेठबिगार होती.

१९४५ च्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्याच्या मागे होते. तिथून ठिणगी उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे बरोबर गवतकापणीच्या तोंडावर, वारल्यांनी संप केला. मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. सव्वादोनशे किलोहून जास्त गवत, तेही विळ्यानं. तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. तरीही संप मोडला नाही.

वारल्यांच्या उठावाचा इतिहास सांगताना जमीनदार, वेठ, लाल बावटा हे सगळं येतं. ते गवत शेवटी कुणाच्या पोटात जाणार होतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. जे गवत तेव्हा कापायचं थांबलं त्याचा गिऱ्हाईक होता मुंबईचा तबेला. म्हणजे तलवाड्यात विळे खाली ठेवले गेले तेव्हा मुंबईतल्या दुधाच्या भावाशी त्याचा थेट संबंध होता.

मुंबई सरकारचं दूध खातं या सगळ्या गोंधळात जन्माला आलं. सुरुवात छोटी होती. लहान मुलांना आणि गरोदर, बाळंत बायकांना स्वस्तात दूध द्यायचं, एवढीच. मग सरकारच्या लक्षात आलं की शहरातलं दूध पुरणार नाही. म्हणून १९४५ मध्ये चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या आणंदहून रेल्वेनं दूध आणायचं ठरलं. खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करायचं काम पोल्सन कंपनीला मिळालं. पोल्सन म्हणजे बटरवाले पेस्तनजी एदलजी दलाल.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. मुंबई सरकार भाव चांगला देत होतं, पण शेतकऱ्याच्या हातात काही पडत नव्हतं. १९४६ च्या जानेवारीत सामरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली, सरदार पटेलांचा पाठिंबा होता, आणि खेड्याच्या शेतकऱ्यांनी पोल्सनला दूध घालणं बंद केलं. पंधरा दिवस दूध ओतून दिलं, पण दिलं नाही. मुंबईची योजना गडगडली. मग मुंबईचे इंग्रज मिल्क कमिशनर आणि त्यांचे सहायक आणंदला आले आणि शेतकऱ्यांची सहकारी संघाची मागणी मान्य झाली. ते सहायक म्हणजे दारा खुरोडी. डिसेंबर १९४६ मध्ये जो संघ नोंदला गेला तोच पुढे अमूल झाला.

आणंदच्या गोष्टीत खुरोडी एवढ्यापुरतेच येतात आणि बहुधा खलनायक म्हणूनच येतात. पण त्यांचं डोकं तेव्हा मुंबईत अडकलं होतं.

पहिला प्रश्न होता दूध वाढवायचं कसं. म्हशी एका रात्रीत वाढत नाहीत. खुरोडींनी इथे जी युक्ती काढली ती आज आपल्या प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये आहे. टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. गाईच्या दुधाच्या जवळपास. म्हणजे तीन टक्क्यांपर्यंत तो खाली आणला तरी दूध पोषक राहतं. नुसतं पाणी घातलं तर ती भेसळ झाली, कारण प्रथिनं आणि क्षारही पातळ होतात. म्हणून एक लिटर म्हशीच्या दुधात पाणी घालायचं आणि सोबत शंभर-सव्वाशे ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची. एकाचे दोन लिटर होतात, थोडे वरच. प्रथिनं टिकतात आणि किंमत उतरते. १९४६ च्या सुमारास मुंबईत हे दूध सुरू झालं आणि मग दुसऱ्या मोठ्या शहरांनी ते उचललं. ‘टोन्ड’ हे नावही खुरोडींचंच मानलं जातं.

गवळ्याने पाणी घातलं तर भेसळ आणि सरकारने घातलं तर योजना, असं तेव्हा कुणी ना कुणी म्हटलंच असेल. पण ज्या घरात दूध फक्त चहापुरतं यायचं तिथे पोरांच्या पेल्यात दूध जायला या हिशोबानं मदत केली, हे मान्य करावं लागतं. त्यातली गोम एवढीच की पावडर बाहेरच्या देशांतून यायची. कुरियन यांचा पुढे सगळा राग यावरच होता.

दुसरा प्रश्न म्हशींचा. खुरोडींचं म्हणणं सरळ होतं. तबेले शहरातून हलवल्याशिवाय ना दूध स्वच्छ होईल, ना शहर. पण मालकांना नुसतं हाकलून चालणार नव्हतं. त्यांना पर्यायी जागा, पाणी, गोठे आणि दुधाला हमखास गिऱ्हाईक द्यायला हवं होतं.

जागा सापडली गोरेगावच्या पूर्वेला. आरे, मरोळ-मरोशीच्या बाजूचे डोंगर, ओढे आणि जंगल मिळून तीन हजार एकरांच्या वर. १९४९ साली कॉलनी उभी राहिली आणि ४ मार्च १९५१ ला पंतप्रधान नेहरूंनी तिथे रोप लावून तिचं उद्घाटन केलं.

रचना अशी होती. डोंगरउतारांवर ३२ युनिट. प्रत्येक युनिटमध्ये पाचेकशे म्हशी. सगळ्या मिळून १६,००० च्या घरात. गोठे सरकारचे, म्हशी मालकांच्या. मालकानं परवाना घ्यायचा, जागेचे पैसे भरायचे, म्हशी आपल्या खर्चानं पोसायच्या आणि दूध ठरलेल्या भावानं सरकारच्या डेअरीला द्यायचं. डेअरीत ते तापवून, थंड करून, काचेच्या बाटल्यांत भरून शहरभरच्या केंद्रांवर पाठवायचं. जनावरांचे डॉक्टर तिथेच. गोठे धुतलेलं शेणपाणी वाया न घालवता खालच्या जमिनीत सोडायचं आणि त्यावर पॅरा गवत घ्यायचं, म्हणजे हिरवा चारा जागेवरच. म्हशीचं शेण म्हशीच्याच तोंडी हिरवं होऊन परत, अशी ती व्यवस्था.

खुरोडींनी या जागेवर झाडं लावली, बागा केल्या, वळणावळणाचे रस्ते केले. म्हशींच्या कॉलनीत लोक सहलीला येतील असं आधी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण मुंबईकर खरंच डबे घेऊन यायला लागले. ‘छोटा काश्मीर’ इथलाच. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’चं काही चित्रीकरण आरेत झालं. बाहेरदेशीचे पाहुणे मुंबईत आले की सरकार त्यांना आरे दाखवायला न्यायचं.

शहरातली दूध केंद्रं हीसुद्धा एक वेगळीच दुनिया. पहाटे रांग, हातात कार्ड आणि रिकामी बाटली. रिकामी बाटली नसेल तर भरलेली मिळायची नाही. केंद्रावर बसायला गरजू विद्यार्थी, बायका. सकाळी दूध वाटून मग कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी जणांची फी या केंद्रांनी भरली आहे.

आता हिशोबाकडे परत येऊ. एक दुभती म्हैस हिरवा चारा आणि पेंड सोडून रोज सहा-सात किलो तरी सुकं वैरण खाते. १६,००० म्हशी म्हणजे रोजचं शंभर टनांच्या आसपास. पॅरा गवत कितीही पिकवलं तरी हे आरेच्या डोंगरात पिकणं शक्य नव्हतं. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या वखारी चालूच राहिल्या. शहापूर तालुक्याला मुंबई-कसारा रेल्वे होती. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशनं. मुरबाडला रेल्वे नाही, तिथला माल कल्याणच्या रस्त्यानं. म्हशी शहराबाहेर गेल्या तरी गवताला मुंबईचीच वाट राहिली.

आणि भाकड म्हशी? पारडं? इथे खुरोडींची योजना अर्धी यशस्वी आणि अर्धी अपुरी राहिली असं माझं मत आहे.

गोठा सरकारी झाला, पण म्हैस खासगीच राहिली. मालकाचं गणित बदललं नव्हतं. भाकड म्हैस पोसणं आरेतही तोट्याचंच होतं आणि पारडाचं दूध विकणं आरेतही फायद्याचंच. यावर उपाय म्हणून भाकड जनावरं कमी खर्चात सांभाळायला दूर कुठेतरी मोठी कुरणं हवीत, तिथे ती गाभण राहतील आणि पुन्हा व्यायला आली की परत येतील, असा विचार झाला. त्यासाठी पालघरला सरकारी केंद्र आलं. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. भाकड म्हशी आणि वाढत्या वगारी तिथल्या माळावर, त्याच गवतावर, गवताचं भाडं न भरता. कागदावर हे बिनतोड होतं. गवत मुंबईला नेण्याऐवजी म्हैस गवताकडे न्यायची.

अडचण संख्येची होती. मुंबई आणि आसपासच्या तबेल्यांतून दरवर्षी हजारो म्हशी आटणार, आणि प्रत्येकीच्या मागे एक पारडू. एवढ्यांना पुरेल असं केंद्र कुठलं सरकार चालवणार? शिवाय वगार वाढवणं हे सरकारी नोकराचं कामच नव्हे, असं जनावरं पाळणारा कुणीही सांगेल. तिला रात्री कोण बघणार, जंत झाले तर कुणाला कळणार, ती माजावर आली आणि तो दिवस चुकला तर तीन आठवड्यांचं नुकसान कुणाच्या खिशातून जाणार? घरच्या बाईला हे कळतं. हजेरीपत्रकावरच्या माणसाला कळतंच असं नाही.

कुरियन आणि खुरोडी यांच्यातल्या भांडणाचं मूळ इथे आहे. वरवर ते भाव, पावडर आणि मानापमान यांचं भांडण दिसतं. कुरियन १९४९ साली आणंदला आले. हिवाळ्यात खेड्यात दूध उतू जायचं आणि मुंबई ते सगळं घेऊ शकायची नाही किंवा घ्यायची नाही. शेतकऱ्याचं दूध पडून आणि मुंबईत न्यूझीलंडची पावडर, हे कुरियन यांना सहन होत नव्हतं. म्हणून त्यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करायचा कारखाना आणंदमध्येच काढला. हरिचंद दलाया यांच्या डोक्यातून आलेलं तंत्र, आणि १९५५ च्या ऑक्टोबरात उद्घाटनाला पुन्हा नेहरूच. कुरियन यांनी आपल्या आठवणींत खुरोडींवर सडकून लिहिलं आहे. ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं की ती एका बाजूची कैफियत आहे.

दोघांच्या विचारातला फरक मात्र खरा होता. खुरोडी म्हणत होते म्हैस शहराच्या वेशीवर आणा, नीट ठेवा, दूध ताजं मिळेल. कुरियन यांचं म्हणणं असं की म्हैस जिथे गवत आहे तिथेच राहू द्या. तिथे भाकड काळ फुकट निघतो, वगार घरच्या घरी वाढते, शेण शेतात जातं. प्रवास करायचाच असेल तर दुधानं करावा. गवताच्या ट्रकमध्ये बहुतेक भार नुसत्या काडीचा असतो आणि त्यातून थोडंसं दूध होतं, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की कुरियन यांची बाजू जड वाटते. पण १९४६ साली थंड टँकर नव्हते, गावोगाव शीतकरण केंद्रं नव्हती, आणि शहराला दुसऱ्या दिवशी सकाळी दूध हवं होतं. खुरोडींनी हातात होतं त्यातून उभं केलं.

गंमत म्हणजे १९६३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार या दोघांना मिळून मिळाला, सोबत त्रिभुवनदास पटेल. सरकार आणि खासगी प्रयत्न यांची सांगड घालून मोठ्या शहराला दूध पुरवलं आणि खेड्यातल्या उत्पादकाचं जगणं सुधारलं, अशी त्यामागची भूमिका. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन माणसांना एकमेकांच्या सहकार्याबद्दल पुरस्कार मिळाल्याची उदाहरणं फार नसतील. १९६४ साली खुरोडींना पद्मभूषण मिळालं.

यानंतर वारं फिरलं. १९७० मध्ये दुधाच्या महापूर योजनेनं मुंबईसह चार महानगरांसाठी गावाकडचं दूध हाच रस्ता धरला. १९७६ साली शहरी भागात जनावरं ठेवण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्रानं केला, पण तबेले पूर्ण गेले नाहीत. ठाणे जिल्ह्यातच आरेची धाकटी बहीण म्हणून दापचरीचा मोठा दुग्धप्रकल्प आखला गेला. मुंबईतले तबेले तिकडे न्यायचे, आदिवासींना त्यात रोजगार द्यायचा, असा बेत होता. त्याची अवस्था आज जाऊन बघण्यासारखी राहिलेली नाही.

एक गोष्ट या सगळ्यात राहून जाते. आरेची जमीन ओसाड नव्हती. तिथे आदिवासींचे पाडे होते, आजही २७ पाडे मोजले जातात. वारली, मल्हार कोळी, कोकणा. म्हशी आल्या तेव्हा त्यांची शेती, त्यांचं चरण, त्यांची झाडं सरकारी हद्दीत गेली. ज्या समाजानं उत्तर ठाण्यात गवत कापायला नकार देऊन इतिहास घडवला, त्याच समाजाचे लोक आरेत आपल्याच जागेवर बिनकागदाचे ठरले. खुरोडींच्या नकाशात युनिट होते, रस्ते होते, बागा होत्या. हे पाडे त्यात ठळक नव्हते, आणि त्याची किंमत ते लोक अजून कोर्टकचेऱ्यांत मोजतायत.

खुरोडी १९८३ च्या जानेवारीत गेले. म्हशींचे युनिट आरेत अजून आहेत. काचेच्या बाटल्या जाऊन पिशव्या आल्या. शहापूर-मुरबाडमध्ये गवताचे माळ दरवर्षी कमी होतायत, कारण एकराला गवतापेक्षा फार्महाऊसवाला कितीतरी जास्त देतो, आणि कापायला माणूसही मिळत नाही. तरी दिवाळीच्या आसपास वखारी भरतात, प्रेस चालतात आणि ट्रक सुटतात.

पालघरच्या कुरणाचं काय झालं? २०१४ साली ठाण्याचं विभाजन होऊन पालघर वेगळा जिल्हा झाला. मुख्यालयाला मोठी, सलग सरकारी जागा लागणार होती. ती मिळाली दुग्धविकास खात्याची. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नव्या इमारती आज त्या जमिनीवर उभ्या आहेत.